‘देणं लागतो’पासून ‘माझं मी बघतो’पर्यंत

प्रश्न बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका तरुणाचा आहे. तो कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. घरी मराठी, खात्यात गुजराती आणि परदेशी गिऱ्हाइकांशी मेलवर इंग्रजी, असा त्याचा दिवस. त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: मस्ट, हॅव टू, शुड, नीड टू, सपोज्ड टू या सगळ्यांचा अर्थ शेवटी ‘पाहिजे’च ना? मग ‘यू मस्ट सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे’ असं गिऱ्हाइकाला लिहिलं तर साहेब एवढे का चिडले? दुसरी: कुणी मदतीला पुढे आलं की आपण म्हणतो, ‘राहू द्या, माझं मी बघतो.’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? तो ‘आय विल सी मायसेल्फ’ म्हणाला आणि समोरचा हसला.

दांडिया बाजारात मी सव्वीस वर्षं इंग्रजीचे वर्ग घेतोय. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण माझ्या मते ते एकाच घरातले आहेत. कसे, ते पुढे येईलच.

आधी मराठीपासून सुरुवात करू, कारण व्याकरणाच्या पुस्तकातला तो मोडल ऑक्झिलरींचा, म्हणजे मस्ट-शुडसारख्या सहायक क्रियापदांचा, तक्ता पाठ करून कुणाला काही आलेलं मी पाहिलेलं नाही. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. ‘त्याला जावं लागतं.’ ‘त्याने गेलं पाहिजे.’ पहिल्यात ‘ला’ आहे, दुसऱ्यात ‘ने’. पहिल्या वाक्यात बाहेरून काहीतरी येऊन त्याला चिकटलंय: नोकरी, नियम, बायकोचं दुखणं, काहीही. तिथे माझं मत कुणी विचारलेलं नाही. दुसऱ्या वाक्यात मी बोलतोय. जाणं हे त्याचं काम आहे आणि ते त्याने करावं, असं माझं म्हणणं आहे. ‘ला’ म्हणजे परिस्थितीची सक्ती आणि ‘ने’ म्हणजे बोलणाऱ्याचा निवाडा. घाईत आपण ‘त्याला जायला पाहिजे’ अशी सरमिसळ करतो, पण कान हा फरक ओळखतो.

आता इंग्रजी. ‘ही हॅज टू गो’ म्हणजे ‘त्याला जावं लागतं’. ‘ही शुड गो’ म्हणजे ‘त्याने जायला हवं’. आणि ‘ही मस्ट गो’ म्हणजे ‘त्याने गेलंच पाहिजे’, तो ‘च’ टेबलावर हात आपटून म्हटलेला. मस्टमध्ये बोलणारा स्वतःचं वजन टाकतो. म्हणून आई मुलाला, डॉक्टर रोग्याला आणि नियमावली सगळ्यांना मस्ट म्हणू शकते. माल विकणारा विकत घेणाऱ्याला म्हणू शकत नाही. साहेब चिडले ते याच कारणाने. त्या मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती, चूक होती ती कुणी कुणाला दटावायचं याची.

बडोद्याच्या मुलांची इथे एक खास पंचाईत होते. गुजरातीत ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. ‘रमेशने कहे’ म्हणजे ‘रमेशला सांग’. त्यामुळे आमच्याकडची मुलं घरी मराठी बोलतानाही अधूनमधून ‘ने’ आणि ‘ला’ची अदलाबदल करतात आणि आजीची बोलणी खातात. माझ्या वर्गात ज्याचा हा ‘ला-ने’ पक्का असतो, त्याला हॅव टू आणि शुड यांतला फरक दहा मिनिटांत कळतो. ज्याचा कच्चा असतो, त्याला आधी मराठी शिकवावं लागतं, आणि फी मात्र इंग्रजीचीच मिळते.

मस्टचं आणखी एक दुखणं म्हणजे त्याला भूतकाळ नाही. ‘काल मला सुरतेला जावं लागलं’ यासाठी मुलं ‘यस्टरडे आय मस्ट गो’ किंवा ‘आय मस्ट हॅव गॉन’ म्हणतात. पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ भलताच: ‘मी गेलो असणार’, जणू स्वतःबद्दलच अंदाज बांधतोय. बरोबर वाक्य एकच, ‘आय हॅड टू गो’. याचं कारण गमतीचं आहे. मस्ट हेच मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ ‘मुभा असणे’ असा होता. भूतकाळालाच वर्तमानाच्या गादीवर बसवल्यावर त्याला आणखी मागे नेता येत नाही. परवानगीची सक्ती कशी झाली ते शतकानुशतकांच्या वापराला ठाऊक. पण बॉसने ‘यू मे स्टे बॅक टुडे’ म्हटल्यावर काय करायचं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही.

नकारात तर घोटाळा सर्वांत मोठा. आपल्या ‘नको’ची गोम अशी की ‘शनिवारी यायला नको’ याचे दोन्ही अर्थ होतात: ‘येण्याची गरज नाही’ आणि ‘येऊ नका’. मराठीत सूर आणि चेहरा निकाल लावतात. इंग्रजीत यासाठी दोन वेगळी दारं आहेत. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येता कामा नये. माझ्या एका विद्यार्थिनीने मुंबईहून येणाऱ्या ऑडिटर बाईंना सौजन्याने कळवलं, ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटरडे.’ तिच्या मनात होतं, की बाईंना उगाच हेलपाटा नको. बाईंनी सोमवारी आल्याआल्या पहिली चौकशी केली ती शनिवारच्या कागदपत्रांची. शनिवारी असं काय आहे, की मला येऊ दिलं नाही?

आणि ‘जायचंय’. हा शब्द मला वर्गात सगळ्यात जास्त छळतो. ‘मला डॉक्टरकडे जायचंय.’ यात इच्छा किती आणि सक्ती किती? सांगता येत नाही, आणि मराठीला सांगण्याची गरजही वाटत नाही. पण इंग्रजीत ते ठरवावं लागतं, आणि आमची मुलं दर वेळी इच्छेची बाजू उचलतात: ‘आय वॉन्ट टू गो टू द डॉक्टर.’ एका मुलाने ‘सर, आय वॉन्ट टू गो टू बँक’ अशी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि त्याला उत्तर मिळालं, ‘गो ऑन संडे.’ हप्त्याचा शेवटचा दिवस होता बिचाऱ्याचा. ‘आय हॅव टू गो टू द बँक’ म्हणाला असता तर निदान ‘का?’ असा प्रश्न तरी आला असता.

याच ‘यचं’ला ‘असतं’ जोडलं की मात्र मराठी इंग्रजीच्या शेजारी जाऊन बसते. ‘चपला बाहेर काढायच्या असतात.’ ‘मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं.’ हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. रीत आहे. याला इंग्रजीत ‘सपोज्ड टू’ हा तंतोतंत शब्द आहे: ‘यू आर सपोज्ड टू टेक ऑफ युअर शूज.’ रीत मोडली गेल्याची कुरकुरही त्याच शब्दातून येते. ‘काउंटर साडेदहाला उघडायचं असतं’ म्हणजे ‘द काउंटर इज सपोज्ड टू ओपन ॲट हाफ पास्ट टेन’, आणि दोन्हीकडे न सांगता कळतं की अकरा वाजले तरी शटर खालीच आहे. नियम सांगताना तो पाळला न गेल्याचं सुचवणं हे या रचनेचं खरं काम. तक्त्यात हे कधी दिलेलं नसतं.

नीड टूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्टचा वापर घटत गेला आणि त्याची जागा बऱ्याच अंशी हॅव टू आणि नीड टू यांनी घेतली. ‘यू नीड टू साइन हिअर’ म्हणताना सांगणारा हुकूम करत नाही, ती तुमचीच गरज असल्यासारखं बोलतो. हॅड बेटरबद्दल एवढंच, की त्यातल्या ‘बेटर’ला भुलू नका. तो सल्ला नाही, ‘बऱ्या बोलाने कर’ची जात आहे. वरिष्ठाला ‘यू बेटर चेक’ म्हणू नये.

उलट एक जागा अशी आहे, जिथे मस्ट गोड लागतो. पाहुण्याला ‘यू मस्ट ट्राय अवर सेव उसळ’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. ‘यू मस्ट कम ओव्हर सम टाइम’ हेही चालतं. आपल्या ‘यायलाच पाहिजे हं!’मधला ‘च’ दटावणीचा नसतो, आग्रहाचा असतो. सक्तीत फायदा समोरच्याचा असला की ती सक्तीच आदर होते. फायदा आपला असला की मस्ट आवरता घ्यायचा. ड्रॉइंग कुणाला हवं होतं? आपल्याला. एवढं तपासलं तरी निम्म्या मेल सुधारतात.

कागदोपत्री सक्तीची भाषा वेगळी. भाडेकरारात ‘द टेनंट शॅल पे’ असतं. तो शॅल भविष्यकाळाचा नाही, बंधनाचा आहे. आणि सक्ती हा शब्द बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो राज्यभर लागू केला. आमच्या घरी जुनी माणसं याला ‘फरजियात’ म्हणायची, गुजरातीतून आलेला शब्द. त्याच्या पोटात ‘फरज’ आहे, म्हणजे कर्तव्य. ‘सक्ती’च्या पोटात मात्र ‘सख्त’ आहे, म्हणजे कडक. एकाच कायद्याला दोन शेजारी भाषांनी दोन नजरांनी पाहिलं. इंग्रजीतही कंपल्सरीत ढकलणं आहे, तर ड्यूटीत ‘ड्यू’ आहे, म्हणजे देय रक्कम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, तो या ‘देय’पाशीच आहे.

गुजरातीत ‘जवुं पडे’, म्हणजे जाणं तुमच्यावर पडतं. मराठीत ‘जावं लागतं’, म्हणजे जाणं तुम्हाला लागतं, चिकटतं, जसं झाडाला फळ लागतं किंवा पायाला ठेच लागते. इंग्रजीत ‘हॅव टू’, म्हणजे जाणं तुमच्याजवळ असतं. आधी वाक्य होतं, ‘माझ्याजवळ लिहायचं एक पत्र आहे’. पुढे शब्दांची जागा हलली आणि ‘मला पत्र लिहायचं आहे’ असा अर्थ झाला. म्हणजे इंग्रजीत सक्ती ही एक प्रकारची मालकी आहे.

‘ऑट टू’ बघा. ऑट हे ‘ओ’ या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप. ओ-डब्ल्यू-ई असं ज्याचं स्पेलिंग, ज्याचा अर्थ ऋण असणे, तोच हा ओ. शॅलचा मूळ अर्थही ‘मी देणं लागतो’ असाच होता, आणि शुड हे त्याचं भूतकाळी रूप. म्हणजे इंग्रज जेव्हा ‘यू ऑट टू व्हिजिट हर’ म्हणतो, तेव्हा शब्दाच्या तळाशी उधारीची वही उघडी असते: ही भेट तुझ्याकडून तिला येणं आहे. हे परकं वाटतंय का? मग ‘मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो’ हे वाक्य आठवा. आणि ‘समाजाचं आपण काही देणं लागतो’ हे तर दांडिया बाजारातल्या प्रत्येक सत्कार समारंभात ऐकू येतं. ‘जावं लागतं’ मधला ‘लागणे’ आणि ‘देणं लागतो’ मधला ‘लागणे’ एकच. कर्ज आणि कर्तव्य यांना दोन्ही भाषांनी एकाच खुंटीला टांगलंय, आणि तेही एकमेकींना न विचारता.

आणखी पुढे जाऊ. हा ‘ओ’ ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला, त्याचा अर्थ आधी ‘जवळ असणे, मालकीचं असणे’ असा होता. त्याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे ‘ओन’, स्वतःचं. ‘माय ओन हाउस’ मधला, आणि ‘ऑन माय ओन’ मधलाही. म्हणजे ‘मी देणं लागतो’ आणि ‘माझं मी’ हे इंग्रजीत सख्खे भाऊ आहेत. लॅटिनकडून आलेल्या शब्दांतही तेच दिसतं. ऑब्लाइजच्या पोटात ‘बांधणे’ आहे, आपल्या ‘बांधील’सारखंच. आणि सेल्फ-रिलायन्समधल्या रिलायच्या पोटातही तेच ‘बांधणे’ आहे, तीच लॅटिन दोरी. दुसऱ्याला बांधलेला तो ऑब्लाइज्ड, स्वतःलाच बांधलेला तो सेल्फ-रिलायंट. दोन्ही प्रश्न एकाच घरातले म्हणालो ते यासाठी.

जाता जाता एक सांगतो. ‘आत्मनिर्भर’ हा शब्द हल्ली मराठीतही सर्रास येतो. ‘आत्मनिर्भरता’ला ऑक्सफर्डने २०२० चा हिंदी शब्द म्हणून निवडलं होतं. पण आपल्या कानाला ‘निर्भर’ म्हणजे भरलेला, ‘आनंदनिर्भर’ मधला. दुसऱ्यावर टेकण्यासाठी आपला शब्द ‘अवलंबून’. म्हणून ‘स्वावलंबी’ म्हटलं की कान निवांत होतो. अर्थात हे माझ्या पिढीचं झालं.

स्वावलंबनाची इंग्रजी वाक्यं शिकताना मुलं सगळीकडे ‘मायसेल्फ’ शिंपडतात. ‘आय डिड इट मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः केलं’, दुसऱ्या कुणी नाही. ‘बाय मायसेल्फ’ म्हणजे एकट्याने, सोबतीशिवाय किंवा मदतीशिवाय. ‘ऑन माय ओन’ यात स्वतःच्या हिमतीवर अशी छटा वरचढ. ‘शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’ ऐकून तिची थोडी काळजी वाटते, ‘शी इज ऑन हर ओन नाउ’ यात काळजीही असू शकते आणि कौतुकही. तिच्या आईला विचारा.

आपला खरा अडसर म्हणजे ‘च’. ‘मीच केलं’चं भाषांतर ‘आय ओन्ली डिड इट’ असं होतं. हे वाक्य भारतात कळतं, बाहेर त्याचा अर्थ ‘मी फक्त केलं’ असा काहीतरी लंगडा लागतो. ‘च’ला इंग्रजीत शब्द नाही, आवाज आहे. ‘आय डिड इट’ मधल्या ‘आय’वर जोर द्यायचा, किंवा ‘आय वॉज द वन हू डिड इट’ म्हणायचं. मेलवर आवाज नसतो, म्हणून तिथे ‘मायसेल्फ’.

मिंधेपणाला इंग्रजीत शब्द नाही असं अनेकांना वाटतं. आहे, आणि चांगला आहे: बिहोल्डन. ‘आय डोन्ट वॉन्ट टू बी बिहोल्डन टू एनीवन’ म्हणजे ‘मला कुणाचं मिंधं व्हायचं नाही’. धरून ठेवलेला, असा त्याचा भाव. ‘ग्रेटफुल’ म्हणजे आभारी, त्यात मान खाली नाही. बिहोल्डनमध्ये आहे. उपकार आणि मिंधेपणा यांतली रेघ तिकडेही ओढलेली आहे, फक्त ती पाठ्यपुस्तकात पोचलेली नाही. शाळेत आपण शिकतो ते रजेच्या अर्जातलं ‘काइंडली ग्रँट मी लीव्ह अँड ऑब्लाइज’. ताप आपल्याला, रजा आपल्या हक्काची, आणि तरी उपकार साहेबांचे!

बूटस्ट्रॅपची गोष्ट सांगतो. ‘ही पुल्ड हिमसेल्फ अप बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ आज कौतुकाने म्हणतात: शून्यातून वर आला. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःलाच वर उचलायचं. करून बघा, जमणार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा शब्दप्रयोग थट्टेनेच आला होता, अशक्य गोष्टीचा दावा करणाऱ्याला उद्देशून. पुढे थट्टा विसरली गेली आणि कौतुक उरलं. तुमचा कॉम्प्युटर ‘बूट’ होतो तोही याच पट्टीवरून, कारण त्याला सुरू व्हायला आधी स्वतःलाच सुरू करावं लागतं. आपल्या ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’मध्ये निदान जमीन तरी आहे.

‘हेल्प युअरसेल्फ’ला मात्र सावध राहा. माझा एक विद्यार्थी कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेला. यजमानबाईंनी फ्रिज दाखवून म्हटलं, ‘प्लीज हेल्प युअरसेल्फ.’ याला वाटलं, बाई वैतागल्या, ‘तुझं तू बघ’ म्हणताहेत. दोन दिवस त्याने सोबत नेलेल्या भाकरवडीवर काढले. बाईंनी खरं तर घर उघडून दिलं होतं. आपल्याकडे आग्रह म्हणजे वाढणं, तिकडे आग्रह म्हणजे वाढून घ्यायची मोकळीक. आणि नाही म्हणायचं तर ‘नो, आय ओन्ली विल टेक’ नको. ‘आय कॅन मॅनेज, थँक्स’ पुरे. त्या ‘मॅनेज’मध्ये आपल्या ‘राहू दे, होईल’ची सगळी नरमाई आहे. ‘थँक्स’ विसरलं तर तेच वाक्य दार लावल्यासारखं ऐकू येतं.

आता तुमच्या दोन वाक्यांकडे. गिऱ्हाइकाला मराठीत सांगायचं असतं तर तुम्ही ‘तुम्ही पाठवलंच पाहिजे’ असं कधीच म्हणाला नसता. ‘साहेब, शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग लागेल हं, नाहीतर ट्रक चुकेल’ असं म्हणाला असता. लागेल ते ड्रॉइंग, आणि तेही आपल्याला. तेच लिहा: ‘वी विल नीड द ड्रॉइंग बाय फ्रायडे टू मेक द मंडे डिस्पॅच.’ सक्ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उचलून आपल्या ट्रकवर ठेवली, की साहेबही शांत आणि ड्रॉइंगही येतं.

आणि ‘आय विल सी मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतःला बघीन’, आरशात बघितल्यासारखं. म्हणून तो माणूस हसला. पण तुम्ही फार लांब नव्हता. मधले दोन छोटे शब्द राहिले: ‘आय विल सी टू इट मायसेल्फ.’